तुरुंगात गेला, पण व्यसन सुटलं का?

तुरुंगात गेला की माणसाचं व्यसन आपोआप सुटतं, ही समजूत आपल्याकडे चांगली सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. १८९३ साली ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातल्या अफूची चौकशी करायला एक शाही आयोग नेमला. लॉर्ड ब्रासी हे त्याचे अध्यक्ष. आयोगापुढे मिशनरी आले, व्यापारी आले, जमीनदार आले, तसे तुरुंगांचे डॉक्टरही आले. त्यांच्यापुढचा प्रश्न सरळ होता. अफू खाणारा माणूस कैदी म्हणून आत आला तर त्याची अफू एकदम तोडावी की हळूहळू कमी करावी? अफूबंदी मागणारे म्हणत, तुरुंगात ती एकदम तोडतात आणि माणूस मरत नाही, मग बाहेरही तोडायला काय हरकत? तोडल्यावर आठ-पंधरा दिवस त्या माणसाचे कसे जातात, हा मुद्दा दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीपुरता हवा होता. आणि सुटून घरी गेल्यावर तो पुन्हा अफूकडे वळला की नाही, हे बघण्याचं काम तुरुंगाचं नव्हतंच.

मला हा इतिहास वाचताना सारखं वाटत राहिलं, की आपण अजून तिथेच उभ्या आहोत.

या अफूच्या इतिहासात आपलंही एक पान आहे, ते गाळून पुढे जाणं बरं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत माळव्याची अफू चीनला जायची. ब्रिटिशांना ती मुंबईवरून, कर भरून जायला हवी होती. व्यापाऱ्यांनी पोर्तुगीजांच्या दमणची वाट धरली. १८४३ साली ब्रिटिशांनी सिंध घेतला तेव्हा कुठे ती वाट बंद होत गेली. या चीनच्या व्यापारात मुंबईची मोठी नावं होती. पारशी जमशेटजी जीजीभॉय, आपले मोतीशा शेठ म्हणजे मोतीचंद अमीचंद, आणि मूळ गोव्याचे रोजेरियो द फारिया. पारशी, जैन आणि गोंयकार किरिस्तांव एका धंद्यात! भायखळ्याचं आदीश्वर देरासर मोतीशा शेठांनी बांधलं. पालिताण्याला शत्रुंजयावर जी मोतीशा टूक आहे तीही त्यांचीच. त्यांचं दानधर्माचं काम खरं आहे, पांजरापोळ खरी आहे, आणि अफूचा पैसाही खरा आहे. त्या काळी आपल्याकडे तो कायदेशीर धंदा होता, म्हणून आज बसल्या जागी मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण वाटणी कशी झाली ते बघावं. ज्याला नफा झाला त्याचं नाव देरासरावर लागलं. जो अफूपायी कंगाल झाला त्याचं नाव तुरुंगाच्या वहीत गेलं. आपल्या मुनिमहाराजांनी सात व्यसनं सोडायला सांगितली, ती आपण लहानपणी पाठ केली. 'व्यसन' या शब्दाचा संस्कृतातला एक अर्थ 'संकट' असा आहे, हे मात्र पाठांतरात मागे राहिलं. संकटात सापडलेल्याला आपण काय करतो? हात देतो. व्यसनात सापडलेल्याला काय करतो, ते सांगायला नको.

त्याच सुमारास, १८९३-९४ मध्ये, गांजा-भांगेची चौकशी करणारा आणखी एक आयोग बसला होता. त्याने हजारावर साक्षीदार तपासले. वेड्यांच्या इस्पितळांच्या वह्यांमध्ये शेकडो रोग्यांपुढे वेडाचं कारण 'गांजा' असं लिहिलेलं होतं. आयोगाने खोदून विचारलं तेव्हा कळलं, की पुष्कळदा डॉक्टरने काही तपासलेलंच नव्हतं. माणसाला आणणाऱ्या पोलिसाने किंवा कारकुनाने रकाना रिकामा राहू नये म्हणून ते भरलं होतं. मला हा प्रसंग फार बोलका वाटतो. माणूस संस्थेच्या दारात उभा असतो तेव्हा त्याला कोण विचारतं, काय विचारतं आणि उत्तर कुठे लिहून ठेवतं, यावर त्याचं पुढचं सगळं ठरतं. तुरुंगाच्या दारात तर जास्तच.

याचं कारण शरीरात आहे. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकदम तुटली तर पहिल्या दिवसापासून हात कापायला लागतात, घाम येतो, झोप लागत नाही. काहींना झटके येतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, आपण कुठे आहोत याचं भान जातं, अंगात ताप चढतो. वेळेवर औषध मिळालं नाही तर यात माणूस दगावू शकतो. कोठडीत हाच माणूस 'दंगा करतो' असा दिसतो. गर्द किंवा हेरॉईनचं वेगळं. ती तुटल्यावर सहसा जीव जात नाही, पण अंग मोडून येतं, उलट्या-जुलाब होतात, आणि आठवडाभर माणूस तळमळतो. चरस-गांजावाल्याची चिडचिड होते, झोप उडते. तिघांचे तीन आजार, तीन उपचार. आणि तिघेही पकडले गेलेत ते कदाचित मोबाईल चोरला म्हणून किंवा मारामारी केली म्हणून. कागदावर व्यसनाचा शब्दही नसतो. आत घेताना विचारलंच नाही, तर डॉक्टरपर्यंत गोष्ट जाणार कशी?

आता आपल्या गोव्याकडे येऊ. आपल्याकडे तुरुंग म्हटलं की पूर्वी किल्लेच डोळ्यांसमोर यायचे. १६१२ साली बांधलेला आग्वाद आणि मांडवीच्या तोंडावरचा रेइश मागूश. सालाझारच्या राजवटीत इथे आपले सत्याग्रही डांबले गेले. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, पण किल्ल्यांचं काम बदललं नाही. रेइश मागूशला १९९३ पर्यंत तुरुंग होता आणि आग्वादला २०१५ पर्यंत. मधल्या काळात कैदी बदलले. १९६० च्या दशकाच्या शेवटापासून हणजूण, वागातोरच्या किनाऱ्यावर हिप्पी आले, त्यांच्याबरोबर चरस आला, पुढे हेरॉईन आलं. नंतर ही वाट शापोरा ओलांडून मोरजी, मांद्रे, हरमलपर्यंत, म्हणजे पेडण्यात पोचली. ज्या भिंतींआड पूर्वी राजकीय कैदी होते, त्याच भिंतींआड आता अमली पदार्थांचे आरोपी आले. २०१५ साली कैद्यांना कोलवाळच्या नव्या मध्यवर्ती तुरुंगात हलवलं आणि आग्वादचं पुढे संग्रहालय झालं. कोलवाळ म्हणजे आमच्या म्हापशाहून पेडण्याच्या रस्त्यावर, पुलाच्या अलीकडे. पेडण्याच्या बसमधून जाताना आपण तिथूनच पुढे जातो.

कोलवाळच्या झडतीत मोबाईल सापडले, अमली पदार्थ सापडले, अशा बातम्या अधूनमधून पेपरात येतातच. म्हणजे 'आत मिळणार नाही, म्हणून सुटेल' हा हिशेबही पक्का नाही. जगातल्या कुठल्याच तुरुंगाला तो पक्का करता आलेला नाही.

शुक्रवारच्या बाजारात माझी एक नेहमीची भाजीवाली आहे, पेडण्याकडची. तिचा मुलगा काही महिने आत होता. मी विचारपूस केली तर म्हणाली, "भितर आसा तेंच बरें बाये. सोरो तरी पियेना." तिला मी काय बोलणार? दारू पिऊन घरात भांडीकुंडी फोडणारा मुलगा तिने वर्षानुवर्षं सोसला होता. तो आत गेल्यावर ती पहिल्यांदा रात्रभर झोपली असेल. तिचं वाक्य खोटं नव्हतं. पण ते १८९३ च्या साक्षीदारांचंच वाक्य होतं. तो सुटून येईल त्या संध्याकाळचं काय, हा प्रश्न तिला कोणी घालून दिला नव्हता, आणि उत्तर तर नाहीच.

कायद्याने मात्र हा प्रश्न घातलेला आहे. आपला अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा. तो कडक म्हणून प्रसिद्ध. त्याच्या खटल्यांसाठीचं खास न्यायालय आमच्या म्हापशातच, त्यामुळे 'एनडीपीएस' ही चार अक्षरं इथल्या रिक्षावाल्यालाही पाठ. पण याच कायद्यात उपचाराची दारंही ठेवली आहेत. कलम ३९ म्हणतं, सेवन केल्याबद्दल किंवा अल्प प्रमाणातला माल बाळगल्याबद्दल दोषी ठरलेला माणूस व्यसनी असेल, तर न्यायालय त्याच्या संमतीने त्याला लगेच शिक्षा न देता बंधपत्रावर उपचारासाठी पाठवू शकतं. कलम ६४-अ म्हणतं, असा आरोपी स्वतःहून उपचार मागेल आणि ते पूर्ण करील, तर त्याच्यावर खटला चालू नये. कलम ७१ सरकारला व्यसनींसाठी केंद्रं उभारण्याचा अधिकार देतं. अल्प प्रमाण म्हणजे किती? हेरॉईन ५ ग्रॅमपर्यंत, चरस १०० ग्रॅमपर्यंत, गांजा १ किलोपर्यंत. व्यापार करणाऱ्याला यात सूट नाही, आणि असूही नये.

दुसरा कायदा २०१७ चा, मानसिक आरोग्याचा. त्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी जोडलेल्या अवस्था स्पष्ट लिहिलेल्या आहेत. त्याचं कलम १०३ सांगतं, की प्रत्येक राज्यात निदान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्याची संस्था सरकारने उभारायची आहे. गोव्यासारख्या चिमुकल्या राज्यात निदान एक म्हटलं की बोट कोलवाळकडेच जातं. व्यसनमुक्तीची मागणी करताना आपण कोणाकडे भीक मागत नाही. छापील कायदा हातात धरून मागतो.

आता प्रश्न राहतो तो 'कसं' याचा. त्यासाठी बाहेर थोडं फिरून यावं लागेल.

अमेरिकेने १९३५ साली केंटकीतल्या लेक्सिंग्टन इथे एक मोठी संस्था काढली. अर्धी तुरुंग, अर्धी इस्पितळ. भोवती शेती, गोठा, सुतारकाम, संगीतही. कैदी होते, स्वतःहून आलेलेही होते. चार दशकं ती चालली. आत असताना माणसं धडधाकट व्हायची. परत गेल्यावर बहुतेक सगळी पुन्हा सुईकडे वळायची. डॉ. जॉर्ज व्हेलंट यांनी तिथून गेलेल्या न्यूयॉर्कच्या १०० पुरुषांचा बारा वर्षं माग काढला आणि १९६६ साली निष्कर्ष मांडले. नुसतं इस्पितळ किंवा थोडीशी कैद यांचा उपयोग फारच कमी झाला होता. जे सुटल्यानंतर वर्षभर तरी देखरेखीखाली राहिले, ज्यांना कामधंदा करून कोणाकडे तरी नियमित हजेरी लावावी लागली, ते कितीतरी जास्त टिकले.

आपल्या देशात तिहारने वाट काढली. १९९३ ते १९९५ किरण बेदी तिथे प्रमुख होत्या. त्यांनी तुरुंगाची दारं बाहेरच्या संस्थांना उघडली. व्यसनमुक्तीचे गट आत सुरू झाले, आणि १९९४ साली हजारावर कैदी एकाच वेळी विपश्यनेला बसले. २००८ च्या सुमारास दिल्लीच्या एम्सच्या मदतीने तिहारमध्ये हेरॉईनच्या व्यसनींना रोज डॉक्टरच्या नजरेखाली पर्यायी औषध द्यायला सुरुवात झाली. पुढे पंजाबच्या तुरुंगांतही अशी औषधं दिली जाऊ लागली. 'एक नशा सोडून दुसरी' असं पुष्कळांना वाटतं, मलाही हे वाचेपर्यंत नीट उमगत नव्हतं. या औषधाने तळमळ थांबते, माणूस भानावर राहतो, सुया टोचणं थांबतं आणि एकमेकांच्या सुईतून पसरणारे रोगही कमी होतात. मधुमेहाच्या गोळीसारखं ते पाहावं. पण हे औषध अफूच्या जातीच्या व्यसनासाठीच आहे. दारूवर ते चालत नाही.

मराठी वाचकाला मुक्तांगण सांगायला नको. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ ला डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते सुरू केलं, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने. त्यांनी दोन गोष्टी शिकवल्या. एक, व्यसनातून बाहेर आलेला माणूस दुसऱ्याचा उत्तम समुपदेशक होऊ शकतो. दोन, बायकोला वगळून नवऱ्याचा उपचार होत नाही, म्हणून पत्नींचे वेगळे गट हवेत. तुरुंगात नेमकी हीच दोन माणसं नसतात, वाट तुडवून आलेला मित्र आणि घरची बाई. मुलाखतीच्या दिवशी आई डबा-कपड्यांची चौकशी करून परतते. तिच्याशी पाच मिनिटं समुपदेशक बोलला तर केवढा फरक पडेल!

सगळ्यात धोक्याची वेळ सुटकेनंतरची. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या ३० हजारांवर कैद्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांना जादा मात्रेने मरण्याचा धोका सामान्य माणसापेक्षा १२९ पट होता. कारण साधं आहे. आत राहून शरीराची सवय मोडलेली असते. माणूस मात्र जुन्याच मापाने घेतो. म्हणजे ज्या दिवसाची घर वाट बघतं, तोच दिवस त्याच्या जिवावरचा.

पण याच्यावर उपाय होऊ शकतो, हे ऱ्होड आयलंडने दाखवलं. हे राज्य लोकसंख्येने आपल्या गोव्याहून लहान आहे. तिथले सगळे कैदी एकाच खात्याखाली असतात. २०१६ साली त्यांनी आत येणाऱ्या प्रत्येकाला व्यसनाबद्दल विचारायचं, गरज असेल त्याला औषध सुरू करायचं आणि सुटताना बाहेरच्या दवाखान्याशी जोडून द्यायचं ठरवलं. २०१६ च्या पहिल्या सहा महिन्यांत नुकतेच सुटलेले २६ जण जादा मात्रेने दगावले होते. २०१७ च्या पहिल्या सहा महिन्यांत तो आकडा ९ वर आला. मोठ्या देशाला न जमणारी गोष्ट लहान राज्याला जमते, कारण सगळे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असतात. कोलवाळहून म्हापशाचं जिल्हा इस्पितळ किती लांब? बांबोळीची मनोरुग्णांची संस्था किती लांब? घरचा पत्ता कोणाला माहीत नसतो?

माणसं कमी पडतात म्हणावं, तर त्यावरचा प्रयोगही गोव्यातच झालाय. संगाथ या संस्थेने आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या समुपदेशकांकडून जास्त पिणाऱ्या पुरुषांशी जास्तीत जास्त चार बैठकांत बोलून घेतलं. ३७७ पुरुषांचा हा अभ्यास २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते, इतरांपैकी २६ टक्के. हा प्रयोग तुरुंगात झालेला नव्हता आणि दहा टक्क्यांचा फरक म्हणजे चमत्कारही नव्हे. पण २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलाही उपचार मिळाल्याचं आढळलं, तिथे दहा टक्के म्हणजे किती घरं, ते आपणच मोजावं.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. आत येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी डॉक्टरने व्यसनाबद्दल विचारावं, गुन्हा कुठलाही असो. पहिले दहा दिवस औषध आणि देखरेख असावी. आत आठवड्याला गट बसावा आणि त्यात बाहेर पडलेला एखादा जुना व्यसनी असावा. सुटकेआधी घरच्यांना बोलावून घ्यावं. आणि सुटताना हातात कपड्यांच्या पिशवीबरोबर दवाखान्याची तारीख असावी.

आपण बायका काय करू शकतो? पुष्कळ. कोणाचा मुलगा, नवरा आत गेला असेल तर वकिलाला कलम ३९ आणि ६४-अ बद्दल विचारायला सांगावं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. तिथे स्त्रीला आणि कोठडीतल्या माणसाला मोफत मदतीचा हक्क आहे, उत्पन्नाचा दाखला न विचारता. आत गेलेला माणूस रोज पिणारा होता, हे पहिल्याच भेटीत तिथल्या डॉक्टरला कळेल असं बघावं, लाजू नये. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी फोन मोफत आहे. आणि आपल्या महिला मंडळाने पर्युषणात दानाची यादी करताना एक ओळ यासाठी ठेवली, तर मोतीशा शेठांच्या पानाला आपण थोडी पुढची ओळ जोडली असं होईल.

शेवटी एक आपल्याच घरातली गोष्ट. आपल्यात नवकारसीचं पच्चक्खाण असतं. सूर्योदयानंतर ४८ मिनिटं तोंडात काही घालायचं नाही. एवढंच. जन्मभराचा उपवास कोणी सांगत नाही. ४८ मिनिटं निभावली की उद्या पुन्हा. व्यसनमुक्तीच्या गटांतही माणसं जन्माची शपथ घेत नाहीत, आजचा एक दिवस मागतात. ज्याने नियम मोडला त्याला आपण संघाबाहेर टाकत नाही, प्रायश्चित्त देऊन पुन्हा नियम देतो. कोलवाळच्या दारातून बाहेर पडणाऱ्या माणसाला तेवढंच हवं आहे, आजच्यापुरता नियम आणि तो मोडला तर उद्या पुन्हा उघडं असलेलं दार.